टोयोटा कोरोला आउटलायर आहे की नाही? बॉक्स प्लॉट काढणाऱ्या सहा साधनांची झडती

'मोटर ट्रेंड' या अमेरिकी मासिकाच्या १९७४ सालच्या आकड्यांवरून केलेली ३२ गाड्यांची एक यादी आर या संगणकभाषेसोबत आयती मिळते. नाव 'एमटीकार्स'. तिच्यात सगळ्यात जास्त मायलेज टोयोटा कोरोलाचं आहे, गॅलनला ३३.९ मैल, म्हणजे लिटरला साधारण १४.४ किलोमीटर. (आपल्याकडे गाडीचं मायलेज विचारताना 'ॲव्हरेज किती देते?' असं विचारतात. संख्याशास्त्राच्या लेखात तो शब्द घातला तर घोळ अटळ, म्हणून इथे मायलेजच.) बॉक्स प्लॉट म्हणजे आकड्यांचा मधला निम्मा भाग दाखवणारा डबा, त्यात मध्यकाची (बरोब्बर मधल्या आकड्याची) रेघ, डब्याबाहेर दोन्ही बाजूंना निघालेल्या मिश्या, आणि मिशीच्याही पलीकडे एकटा पडलेला ठिपका म्हणजे आउटलायर. या ३२ आकड्यांचा आलेख आरच्या मूळ बॉक्सप्लॉट आज्ञेनं काढला, की कोरोला वरच्या मिशीच्या टोकाला गुमान बसते. त्याच आरमध्ये जीजीप्लॉट२ हे आलेखांचं पॅकेज वापरलं, की ती मिशीबाहेर एकटा ठिपका होऊन उभी राहते. गाडी तीच, आकडे तेच, आणि चूक दोघांचीही नाही.

बॉक्स प्लॉटसाठी साधन निवडताना लोक रंग, सोय आणि किंमत बघतात. खरं बघायचं ते हे, की चतुर्थक (चढत्या आकड्यांचे चार समान भाग पाडणारे तीन आकडे; पहिला आणि तिसरा म्हणजे डब्याच्या कडा, दुसरा म्हणजे मध्यक) काढायची त्याची रीत कोणती आणि ती बदलू देतं का. एक्सेल, गूगल शीट्स, लिब्रेऑफिस कॅल्क, आर, पायथन आणि जिओजिब्रा या सहांना हीच यादी देऊन तपासलं, तर प्रत्येकाचं पाणी कळतं.

आधी रीतीचा घोळ उलगडू. ३२ आकडे चढत्या क्रमानं लावले की आठवा येतो १५.२ आणि नववा १५.५. पहिला चतुर्थक या दोघांच्या मधे कुठेतरी पडणार, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो नेमक्या जागेचा. महाराष्ट्र बोर्डाच्या अकरावी वाणिज्यच्या पुस्तकातलं सूत्र सांगतं, एकूण संख्येत एक मिळवा आणि चारनं भागा: ३३ भागिले ४ म्हणजे ८.२५वी जागा, उत्तर १५.२७५. अर्धे-अर्धे करून खालच्या सोळा आकड्यांचा मध्यक घेतला तर १५.३५. जॉन टुकी यांनी बॉक्स प्लॉट रूढ केला तो याच रीतीनं, आणि डब्याच्या या दोन कडांना ते बिजागऱ्या म्हणत. तिसरी रीत बहुतेक सॉफ्टवेअरची: पहिल्या आणि शेवटच्या आकड्यामधलं अंतर ३१ पावलांचं धरायचं, त्याचा पाव हिस्सा चालायचं, ८.७५व्या जागेवर थांबायचं. उत्तर १५.४२५.

फरक दशांशात आहे, तो सोडून द्यावा असं वाटेल. पण आउटलायरचं कुंपण तिसऱ्या चतुर्थकाच्या पुढे, आंतरचतुर्थक अंतराच्या (तिसरा चतुर्थक वजा पहिला) दीडपट लांब घालतात. तिसरा चतुर्थक इथे तिन्ही रीतींनी २२.८च येतो. पहिला १५.४२५ धरला तर अंतर ७.३७५ आणि कुंपण ३३.८६२५वर, म्हणजे कोरोला बाहेर. १५.३५ धरला तर कुंपण ३३.९७५वर, कोरोला आत. बोर्डाच्या सूत्रानं कुंपण आणखी पुढे, ३४.०८७५वर. अवघ्या ०.०३७५नं गाडीचा निकाल फिरला.

एक्सेल

बॉक्स प्लॉटचा तयार प्रकार एक्सेलमध्ये २०१६च्या आवृत्तीपासून आहे. 'इन्सर्ट'मध्ये जाऊन 'इन्सर्ट स्टॅटिस्टिक चार्ट'मधला 'बॉक्स अँड व्हिस्कर' निवडायचा. गटांची तुलना करायची असेल तर डाव्या स्तंभात गटाचं नाव, उजव्यात आकडा, आणि नाव प्रत्येक ओळीत पुन्हा लिहायचं. पहिली ठेच इथेच लागते. सिलिंडरच्या स्तंभात नुसतं ४, ६, ८ लिहिलं तर एक्सेल त्यालाही मोजमाप समजून त्याचाच वेगळा डबा काढू शकतो. '४ सिलिंडर' असं अक्षरी लिहा, प्रश्न मिटतो.

दुसरी ठेच जास्त महत्त्वाची. डब्यावर उजवी क्लिक करून 'फॉरमॅट डेटा सिरीज' उघडलं की 'क्वार्टाइल कॅल्क्युलेशन' दिसतं. त्यात 'एक्सक्लुजिव्ह मीडियन' आधीपासून निवडलेलं असतं. पण शेजारच्या सेलमध्ये लोक सवयीनं लिहितात ते जुनं क्वार्टाइल सूत्र मात्र इन्क्लुजिव्ह (वरच्या तिसऱ्या) रीतीचं. परिणाम असा, की तक्त्यात १५.४२५ आणि आलेखात दुसराच आकडा. अहवालात दोन्ही शेजारी छापले की परीक्षक बरोबर तिथेच बोट ठेवतो. उपाय सोपा आहे: सूत्रं दोन आहेत, क्वार्टाइल.इन्क आणि क्वार्टाइल.एक्स्क. बोर्डाच्या पुस्तकाशी जुळतं ते एक्स्क. एक कुठलं तरी ठरवा, आलेखाची सेटिंग त्याच्याशी जुळवा आणि डेटा लेबल लावून आलेखातला आकडा सेलमधल्या आकड्याशी ताडून बघा.

एक्सेलच्या डब्यात आडवी रेघ मध्यकाची आणि फुलीची खूण सरासरीची. फुली आपोआप येते आणि ती ठेवावी. या यादीत मध्यक १९.२ आणि सरासरी २०.०९. फुली रेघेच्या वर सरकलेली दिसली की वरच्या बाजूला शेपूट आहे हे न सांगता कळतं. उणिवा दोन. हा आलेख आडवा करता येत नाही, त्यामुळे गटांची नावं लांब असली (तालुक्यांची, विषयांची) की ती खाली तिरकी होऊन एकमेकांत घुसतात. आणि त्याला मूळ नोंदी लागतातच. कुणी फक्त किमान, तीन चतुर्थक आणि कमाल असे पाच आकडे दिले असतील तर तयार प्रकार काही कामाचा नाही.

मग जुना जुगाड करावा लागतो, जो २०१३ किंवा त्याआधीच्या एक्सेलमध्येही चालतो. एकावर एक रचलेला स्तंभालेख घ्या. तळाचा थर पहिल्या चतुर्थकाइतका, त्याचा रंग काढून टाकलेला. दुसरा थर मध्यक वजा पहिला चतुर्थक, तिसरा थर तिसरा चतुर्थक वजा मध्यक. खालची मिशी म्हणजे तळाच्या थराला लावलेला उणे दिशेचा एरर बार, लांबी पहिला चतुर्थक वजा किमान. वरची मिशी तिसऱ्या थराला, अधिक दिशेनं, लांबी कमाल वजा तिसरा चतुर्थक. सगळे आकडे शून्याच्या वर असतील तोवर हे छान चालतं. तापमान किंवा नफा-तोट्यासारखे उणे आकडे आले की थर शून्याच्या दोन्ही बाजूंना विभागले जातात आणि डबा मोडतो. त्यावर तोडगा: सगळ्या आकड्यांत एकच मोठी संख्या मिळवून आलेख काढा आणि अक्षावरच्या खुणा हातानं बदला. कंटाळवाणं आहे, पण बरोबर येतं.

गूगल शीट्स आणि कॅल्क

शीट्समध्ये चतुर्थकांची सूत्रं आहेत, बॉक्स प्लॉट नाही. लोक सुचवतात तो पर्याय शेअर बाजारातल्या कँडलस्टिक आलेखाचा. स्तंभांचा क्रम नाव, किमान, पहिला चतुर्थक, तिसरा चतुर्थक, कमाल. डबा येतो, मिश्या येतात, मध्यकाची रेघ येत नाही. ज्याची तुलना करायला हा आलेख काढतात तेच त्यात नाही. आउटलायरही नाहीत. पाहुण्यांना चहा देताना चहाच विसरावा, तसा प्रकार. गटांचे चतुर्थक मोजायला शीट्स वापरा, चित्र दुसरीकडे काढा.

लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये 'डेटा'मधल्या 'स्टॅटिस्टिक्स'खाली 'डिस्क्रिप्टिव्ह स्टॅटिस्टिक्स' आहे. एका फटक्यात सरासरी, मध्यक, दोन्ही चतुर्थक आणि बरंच काही तक्त्यात मांडून मिळतं, तेही फुकट. सारांश काढायला हे एक्सेलइतकंच कामाचं. चित्रासाठी मात्र वरचा जुगाड. आणि एक सावधगिरी: एक्सेलमध्ये काढलेला बॉक्स प्लॉट असलेली फाइल इथे उघडून तो तसाच दिसेल असं गृहीत धरू नका. ती फाइल दुसऱ्याला पाठवायची असेल तर आलेख चित्र म्हणून चिकटवा.

आर

या कामासाठी बनवल्यासारखं साधन हेच, आणि सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारंही हेच. कारण एकट्या आरमध्येच तीन आवाज आहेत. 'समरी' आज्ञा पहिला चतुर्थक १५.४२५ धरते (आणि १५.४३ छापते), 'फाइव्हनम' आणि मूळ 'बॉक्सप्लॉट' १५.३५ धरतात, जीजीप्लॉट२ पुन्हा १५.४२५. पण दडवादडवी नाही. 'क्वांटाइल' आज्ञेत 'टाइप' नावाचा पर्याय आहे, त्यात नऊ रीती. न सांगता सातवी वापरली जाते, म्हणजे वर सांगितलेली तिसरी, १५.४२५वाली. बोर्डाचं सूत्र हवं असेल तर सहा लिहा, १५.२७५ येईल. शिकवणाऱ्यांना ही एक सोय सोन्यासारखी आहे.

रीतीचा खरा चटका बसतो तो आठ सिलिंडरच्या गटात. गाड्या १४: १०.४, १०.४, १३.३, १४.३, १४.७, १५.०, १५.२, १५.२, १५.५, १५.८, १६.४, १७.३, १८.७, १९.२. सातव्या रीतीनं चतुर्थक १४.४ आणि १६.२५, कुंपणं ११.६२५ आणि १९.०२५. बाहेर तीन गाड्या: खाली कॅडिलॅक फ्लीटवुड आणि लिंकन कॉन्टिनेंटल, वर पाँटिॲक फायरबर्ड. बिजागऱ्यांच्या रीतीनं १४.३ आणि १६.४, कुंपणं ११.१५ आणि १९.५५, बाहेर दोन. बोर्डाच्या सूत्रानं १४.०५ आणि १६.६२५, कुंपणं १०.१८७५ आणि २०.४८७५. बाहेर कुणीच नाही. लिटरला जेमतेम ४.४ किलोमीटर चालणारी कॅडिलॅकसुद्धा शहाण्यासारखी आत.

इथेच दुसरा सापळा आहे, आणि तो रीतीचा नाही. कॅडिलॅक आणि लिंकन दोन्ही १०.४वर. दोन ठिपके बरोबर एकावर एक पडतात आणि चित्रात एकच दिसतो. चित्रातले ठिपके मोजून 'आउटलायर इतके' असं कधीही लिहू नये. आकडे तक्त्यातून काढावेत.

मिशी कुंपणापर्यंत काढायची नसते, कुंपणाच्या आतल्या शेवटच्या खऱ्या नोंदीपर्यंत काढायची असते. म्हणून या गटात खालची मिशी ११.६२५वर नव्हे, १३.३वर थांबते. हातानं काढणाऱ्यांची ही सगळ्यात नेहमीची चूक. सॉफ्टवेअर ती करत नाही.

मूळ बॉक्सप्लॉटमधले दोन पर्याय मुद्दाम वापरावेत असे आहेत. 'व्हॅरविड्थ' चालू केलं की डब्याची रुंदी नोंदींच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते. चार सिलिंडरच्या ११ गाड्या, सहाच्या ७, आठच्या १४, हा फरक नजरेला लगेच कळतो. 'नॉच' म्हणजे मध्यकाजवळ डब्याला पाडलेली खाच. तिची अर्धी उंची आंतरचतुर्थक अंतर गुणिले १.५८ भागिले नोंदींच्या संख्येचं वर्गमूळ. दोन डब्यांच्या खाचा एकमेकींच्या पातळीत येत नसतील तर मध्यक खरोखर वेगळे असल्याचा तो बऱ्यापैकी भक्कम पुरावा. पण गट लहान असला की खाच डब्याबाहेर जाते. सहा सिलिंडरच्या सात गाड्यांत मध्यक १९.७, अंतर २.३५, म्हणून खाच १८.३ ते २१.१ अशी येते, आणि डबा स्वतः १८.६५ ते २१.०. डब्याची टोकं आतल्या बाजूला दुमडल्यासारखी दिसतात आणि आर इशारा छापतो. आलेख बिघडला असं समजून लोक तासभर शोधत बसतात. बिघडलेलं काही नसतं, नोंदी कमी असतात.

जीजीप्लॉट२ देखणं आहे, पण तीन ठिकाणी पकडतं. सिलिंडरचा स्तंभ संख्येचा असल्यानं तीन डब्यांऐवजी एकच डबा येतो. त्याला आधी 'फॅक्टर' करा, म्हणजे आकडे नव्हे, गटांची नावं समजायला लावा. ठिपकेही वर टाकायचे असतील (टाकावेतच, 'जिटर'नं, म्हणजे एकमेकांवर पडू नयेत म्हणून जरा बाजूला सरकवून) तर डब्याचे आउटलायर लपवा, नाहीतर तीच गाडी दोनदा दिसते. तिसरी पकड वाईट आहे: अक्ष छोटा करायला 'वायलिम' वापरलं तर मर्यादेबाहेरचे आकडे चतुर्थक मोजायच्या आधीच फेकले जातात. डबा सरकतो, मध्यक बदलतो, आणि पडद्यावर एक ओळीचा इशारा येतो जो कुणी वाचत नाही. नुसतं चित्र जवळून दाखवायचं असेल तर 'कोऑर्ड कार्टेशियन'.

पायथन

पायथनचं वागणं आरसारखंच, दोन तोंडांचं. नमपाय आणि पांडाज या त्याच्या लायब्रऱ्या १५.४२५ देतात. पायथनसोबतच येणारं 'स्टॅटिस्टिक्स' मोड्यूल, त्यात ३.८ आवृत्तीपासून असलेली 'क्वांटाइल्स' आज्ञा, काही न सांगता एक्सक्लुजिव्ह रीत वापरते: १५.२७५. म्हणजे बोर्डाच्या पुस्तकाशी जुळायला पायथनमध्ये वेगळं काही बसवावं लागत नाही, हे कमी लोकांना माहीत असतं.

चित्रासाठी मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी. मध्यकाची रेघ नारिंगी, सरासरी मागितल्याशिवाय दाखवत नाही. 'शोफ्लायर्स' बंद केलं की ठिपके जातात पण मिशी लांबत नाही, त्यामुळे आलेखात किमान-कमाल दिसतेय असा खोटा भास होतो. खरोखर टोकापासून टोकापर्यंत मिशी हवी असेल तर 'व्हिस'ला ० आणि १०० द्या. गटांची नावं द्यायचा 'लेबल्स' हा पर्याय ३.९ आवृत्तीपासून 'टिक लेबल्स' झाला आहे. जुने धडे बघून लिहिलेल्या कोडवर इशारे येतात ते त्यामुळे.

सगळ्यात त्रासदायक गोष्ट रिकाम्या नोंदींची. स्तंभात एक जरी नोंद गायब असली तरी मॅटप्लॉटलिब त्या गटाची जागा कोरी सोडतं, आणि लोक फाइलच्या नावात चूक शोधत बसतात. आधी रिकाम्या नोंदी गाळा, किंवा सीबॉर्न ही दुसरी आलेख-लायब्ररी वापरा, ते स्वतः गाळतं. आरची क्वांटाइल आज्ञा अशा वेळी सरळ थांबते, ते बरं. एक्सेल रिकामे सेल गाळतो. पण गैरहजर विद्यार्थ्यापुढे कुणी शून्य भरलं असेल तर ते कोणतंही साधन ओळखणार नाही. शून्य हा आकडा आहे. तो खालची मिशी ओढणारच.

जिओजिब्रा

वर्गात फळ्यावर दाखवायला याच्यासारखं दुसरं नाही. आकडा बदला, डबा समोर हलतो. 'बॉक्सप्लॉट' आज्ञेत उंची, जाडी आणि आकड्यांची यादी द्यायची. यादीऐवजी थेट पाच आकडेही घेतो, म्हणजे एक्सेलला जे जमत नाही ते इथे एका ओळीत. पुस्तकातल्या उदाहरणात पाचच आकडे दिलेले असतात तेव्हा हीच सोय कामी येते. आलेख आडवा येतो, एकाखाली एक लावलेले दोन-तीन डबे वाचायला तेच सोपं. शेकडो नोंदी आणि दहा-वीस गट असतील तर मात्र याच्या वाट्याला जाऊ नका.

डबे वाचताना

तीन गट शेजारी लावल्यावर ही यादी बोलायला लागते. चार सिलिंडरचा डबा २२.८ ते ३०.४, आणि गंमत म्हणजे तिन्ही रीतींनी तोच. मध्यक २६.०. आठ सिलिंडरची सर्वोत्तम गाडी १९.२, चारची सगळ्यात वाईट २१.४. म्हणजे नुसते डबे वेगळे नाहीत, एकही गाडी दुसऱ्याच्या हद्दीत नाही. सहा आणि आठचं तसं नाही: डबे वेगळे (आठचा वरचा काठ १६.२५, सहाचा खालचा १८.६५), पण मिश्या एकमेकींत शिरतात. सहा सिलिंडरमधली सगळ्यात वाईट १७.८, तिच्यापेक्षा आठ सिलिंडरच्या दोन गाड्या जास्त चालतात. 'डबे वेगळे' आणि 'आकडे वेगळे' हे दोन निष्कर्ष आहेत, ते एका वाक्यात कोंबू नयेत.

डबा लांब म्हणून त्यात जास्त गाड्या, असं नाही. प्रत्येक भागात साधारण पाव नोंदी. लांब म्हणजे विरळ. आणि डबा आतली पोकळी दाखवत नाही: चार सिलिंडरमध्ये २७.३ आणि ३०.४ यांच्या मधे एकही गाडी नाही, पण चित्रात तो भाग सलग रंगवलेला. सात गाड्यांचा सारांश पाच आकड्यांत करणं तर उधळपट्टीच. दहाच्या खाली नोंदी असतील तर डबा नकोच, ठिपके मांडा.

कोणी काय घ्यावं? अकरावीचा प्रकल्प असेल तर एक्सेल, सूत्र क्वार्टाइल.एक्स्क, आलेखाची सेटिंग आहे तीच. शिकवायला जिओजिब्रा. प्रबंध किंवा कार्यालयीन अहवालासाठी आर, ठिपक्यांसकट. पायथन आधीच येत असेल तर फक्त यासाठी आर शिकू नका. आणि साधन कोणतंही असो, आलेखाखाली आपापल्या रीतीप्रमाणे अशी एक ओळ टाका: 'चतुर्थक: क्वांटाइल टाइप ७, मिशी दीडपट अंतरापर्यंत, फुली म्हणजे सरासरी, नोंदी ११, ७, १४'.